भयानक रसाचे शिल्पकार आणि पडद्यावरील खलपुरुष

मनुष्याला भय नको असते, परंतु भयाची गोष्ट मात्र त्याला हवी असते. मावळच्या पावसाळ्यात, दारात धुके उभे असताना आणि वीज गेलेली असताना, घरातील मुले आजीभोवती कोंडाळे करून बसतात व ‘भुताची सांग’ म्हणून हट्ट धरतात. आणि गोष्ट संपल्यावर परसदारी एकटे जावयास मात्र कोणी तयार नसते. नवलाख उंबऱ्यासारख्या गावी, जेथे एका अंगास औद्योगिक वसाहतीतील दिवे रात्रभर जळत असतात आणि दुसऱ्या अंगास भाताची खाचरे काळोखात बुडून गेलेली असतात, तेथे आजीच्या गोष्टीतील चकवा आणि नातवाच्या मोबाईलमधील अमेरिकेचा जोकर हे दोघेही एकाच छपराखाली सुखाने नांदत आहेत.

मधल्या सुट्टीत आमच्या विद्यार्थ्यांचे जे वाद रंगतात त्यांत अलीकडे हाच विषय पुढे असतो. सर्वांत उत्तम भयपट कोणता दिग्दर्शक काढतो? ‘तुंबाड’कर्ते बर्वे श्रेष्ठ, की रामसे बंधू, की परदेशातील कोणी? चित्रकथांच्या पुस्तकांतून पडद्यावर आलेल्या खलपुरुषांपैकी कोणाचे सोंग खरे वठले? वाद इतका तापतो की त्याचा आवाज शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचतो. पालकांपैकी काही जण याविषयी नाराजी व्यक्त करतात. अभ्यास सोडून मुले राक्षसांची आणि भुतांची चर्चा करतात, हे त्यांना रुचत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत थोडे निराळे आहे. वाद अवश्य करावा, पण वादास काही माप असावे. ‘मला फार भीती वाटली’ एवढेच प्रमाण धरले तर काळोखात पायाखाली मांजर आले तरी तेही श्रेष्ठ दिग्दर्शकच ठरेल! म्हणून या लेखात आपल्याच महाराष्ट्रातील चित्रपटांची उदाहरणे घेऊन अशी काही मापे शोधण्याचा यत्न केला आहे.

पहिले माप आपल्या प्राचीन शास्त्रातच सापडते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगवेगळे सांगितले आहेत. भयानकाचा स्थायी भाव भय, तर बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, म्हणजे किळस. त्यांचे वर्णही निराळे, भयानकाचा काळा आणि बीभत्साचा निळा. देवताही निराळ्या, एकाचा काल व दुसऱ्याचा महाकाल. रक्त, मांस, किडे, सडलेले प्रेत यांच्या दर्शनाने आपण तोंड फिरवितो. भयाची गोष्ट उलटी आहे. जेथे खरे भय असते तेथे नजर खिळून राहते, कारण पुढे काय होणार हे कळल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. आजचे पुष्कळसे भयपट हे वस्तुतः बीभत्सपट आहेत. त्यांत रंगभूषाकाराचे कसब दिसते, दिग्दर्शकाचे दिसत नाही.

दुसरे माप इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिले. ते समजावीत असत की मेजाखालील बाँब एकाएकी फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. परंतु बाँब तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी दाखविले आणि मेजाभोवती बसलेल्या माणसांना त्याचा पत्ता नसला, तर त्यांच्या साध्या गप्पा ऐकतानाही प्रेक्षकाचा श्वास कोंडतो. दचकणे हे शरीराचे काम आहे, तर धास्तावणे हे बुद्धीचे. एका चित्रपटात प्रेक्षक किती वेळा दचकला हे मोजणारा विद्यार्थी अद्याप पहिल्याच पायरीवर आहे, असे म्हणावे लागते.

आता या दोन मापांनी आपल्याकडील पहिल्या थोर दिग्दर्शकांपैकी एक, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, यांचे काम पाहू. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली प्रकाशित झाला. कथा महाभारतातील, कीचकवधाची. भीम कीचकाला ठार करतो तो प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब उतरविला होता की प्रेक्षागृहात स्त्रिया घाबरून ओरडल्या असे सांगतात, आणि पुढे तो भाग कापून टाकण्याची पाळी आली. मराठी प्रेक्षकाने पडद्यावरील हिंसेपुढे घाबरून हात जोडल्याचे हे फार जुने उदाहरण होय. परंतु त्याच बाबूरावांनी पाच वर्षांनी, १९२५ साली, नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. त्यात राक्षस नाही, वध नाही. सावकाराच्या खोट्या कागदाने जमीन गमावलेला एक शेतकरी आहे. त्याचे काम तरुण व्ही. शांताराम यांनी केले होते. या मूकपटातील एक दृश्य पाहणारांच्या स्मरणात कायमचे राहिले. अंधारलेली झोपडी आणि तिच्यापुढे तोंड वर करून भुंकणारे, नव्हे रडणारे, एक कुत्रे. मूकपट असल्यामुळे त्या कुत्र्याचा आवाज कोणालाही ऐकू आला नाही, आणि तरीही तो सर्वांनी ऐकला. ‘सैरंध्री’तील भीमाने जे रक्त सांडून साधले त्याहून अधिक या मुक्या कुत्र्याने साधले असे आमचे मत आहे. ज्याच्या घरी सात-बाऱ्याचा उतारा जपून ठेवलेला असतो अशा मावळच्या शेतकऱ्याला, विशेषतः कारखान्यांसाठी जमिनी गेलेल्या टापूतील शेतकऱ्याला, त्या झोपडीचे भय समजावून सांगावे लागणार नाही.

यानंतर बऱ्याच वर्षांनी मुंबईत रामसे बंधूंचा उदय झाला. त्यांच्या उदयाची हकिगत मौजेची आहे. या कुटुंबाने १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरी करावयास येतात तेवढा प्रसंग लोकांना भारी आवडला. त्यावरून या कुटुंबाने धडा घेतला, आणि महाबळेश्वरी मुक्काम ठोकून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट अल्प खर्चात तयार केला. घरातील भावांनीच कामे वाटून घेतली. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) आले. पडका वाडा, करकरणारे दार, वटवाघळे आणि शापित घराणे, असा त्यांचा ठरलेला सरंजाम असे. त्यांची उद्यमशीलता कौतुकास्पद आहे. कलेविषयी थोडक्यात बोललेले बरे. राम गोपाल वर्मा यांनी ‘भूत’ (२००३) काढताना हा सारा सरंजाम टाकून दिला. त्यांनी भुताला मुंबईतील उंच इमारतीच्या एका साध्या बिऱ्हाडात आणले आणि उर्मिला मातोंडकर यांच्या अंगात संचारविले. चित्रपटात एकही गाणे ठेवले नाही. उद्वाहकाचे दार उघडते नि मिटते एवढ्यानेच लोक घाबरले, कारण पडक्या वाड्यात राहणारे थोडे आणि उद्वाहकातून घरी जाणारे पुष्कळ.

येथवर सांगितलेल्या सर्वांहून ‘तुंबाड’ अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे. पालकांना प्रथमच सांगितले पाहिजे की हा चित्रपट प्रौढांसाठी म्हणून प्रमाणित झालेला आहे. शाळकरी मुलांनी तो पाहावयाचा नाही. वस्तुस्थिती अशी आहे की आमच्या वरच्या वर्गांतील अनेकांनी तो रात्री पांघरुणात मोबाईल धरून, एकट्याने पाहिला आहे. चित्रपटगृहात शंभर माणसांच्या सोबतीने जे भय वाटते त्यात निम्मी गंमत असते, शेजारचा घाबरला की आपल्याला हसू येते. पांघरुणातील भयाला अशी सोबत नसते. ते पाहिलेले मूल घरी कोणाला सांगतही नाही, कारण सांगितले तर पाहिल्याची कबुली द्यावी लागते. पालकांनी मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वी निदान एकदा ‘काय पाहिलेस, त्यात काय होते’ असे शांतपणे विचारावे, अशी आमची विनंती आहे.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना या कथेचे बीज नारायण धारपांच्या एका गोष्टीत मिळाले. ती गोष्ट त्यांना नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने १९९३ साली सांगितली होती. त्या बीजाचा चित्रपट होऊन तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकांपुढे येईपर्यंत पंचवीस वर्षे गेली. त्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातील समीक्षकांच्या विभागातही तो दाखविला गेला होता. चित्रपटात पाऊस सतत पडत असतो. त्यासाठी चित्रीकरण खऱ्या पावसात, एकाहून अधिक पावसाळे खर्ची घालून केले. कोकणातील तुंबाड हे गाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेच.

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन काळांत घडते. समृद्धीच्या देवीचा थोरला पुत्र हस्तर हा सोन्याचा आणि धान्याचा लोभी. सोने त्याने घेतले. धान्यावर हात टाकताच इतर देवांनी त्याच्यावर प्रहार केले. आईने त्याला वाचविले, पण त्याची पूजा कधीही होऊ नये या अटीवर. त्याच्यापाशी सोने अपरंपार आहे, आणि खावयास मूठभर पीठ नाही! विनायक नावाचा मनुष्य विहिरीत उतरतो, पिठाचे रिंगण आखून त्यात उभा राहतो, पिठाची बाहुली हस्तरापुढे टाकतो आणि तो ती खाण्यात गुंतला असता त्याच्या लंगोटीतून सांडलेल्या मोहरा वेचून पळतो. पुढे तो आपल्या लहान मुलालाही हा धंदा शिकवितो.

येथे दिग्दर्शकाची खरी करामत दिसते. हस्तर दिसावयास भयंकर आहे हे खरे. पण चित्रपट अर्धा होतो न होतो तोच आपले भय त्याच्यावरून उडून दुसरीकडे जाऊन बसते. बाप मुलाला विहिरीत उतरण्याची तालीम देतो, आणि मूल ती उत्साहाने घेते, त्या वेळी अंगावर जो काटा येतो तो हस्तराने आणलेला नसतो. भुकेलेल्या राक्षसाची तर दयाच येऊ लागते. अधिक मोहरा मिळविण्याची युक्ती शेवटी मुलाच्याच डोक्यातून निघते आणि तीच सर्वनाशाला कारण होते. भयाची जागा अशी प्रेक्षकाच्या नकळत हलविणे हे भल्याभल्यांना साधत नाही, आणि एवढ्यासाठीच मधल्या सुट्टीच्या वादात आमचे मत बर्वे यांच्या बाजूने पडेल. गुप्तधनाच्या लोभाने नरबळी देण्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत, आणि महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१३ साली नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे विहिरीतील सोन्याची ही कथा केवळ कल्पनेतील राहत नाही.

दिग्दर्शकांचा विषय येथे सोडून आता खलपुरुषांकडे वळू. या दोन्ही विषयांना जोडणारा एक धागा आहे आणि तो जर्मनीतून येतो.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत मूकपटांची एक नवी रीत निघाली. रॉबर्ट वीने यांचा ‘डॉ. कॅलिगारी’ (१९२०) आणि मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हे तिचे प्रसिद्ध नमुने. वाकड्या भिंती, लांबलचक सावल्या, अर्धा उजेडात नि अर्धा काळोखात असलेला चेहरा, अशी ती रीत. ‘कॅलिगारी’त झोपेत चालून खून करणाऱ्या मनुष्याचे काम कॉनराड फाइट या नटाने केले होते. हाच नट १९२८ साली अमेरिकेत ‘द मॅन हू लाफ्स’ या चित्रपटात झळकला. व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीवरील ही कथा अशा माणसाची आहे की बालपणीच दुष्टांनी त्याचे तोंड चिरून त्यावर कायमचे हसू कोरले आहे. बारा वर्षांनी, १९४० साली, ‘बॅटमॅन’ या चित्रकथेत जोकर नावाचा खलपुरुष अवतरला तेव्हा त्याच्या रचनाकारांपुढे फाइटच्या त्या हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र होते. नवल असे की मूळ चित्रपटातील तो हसरा मनुष्य मुळीच दुष्ट नाही. तो सज्जन असून सर्व कथा त्याच्या दुःखाची आहे. चित्रकथेने चेहरा उचलला आणि दुःख मागे ठेवले.

तीच जर्मन रीत दुसऱ्या वाटेने पुण्यास आली. ‘सैरंध्री’ हीच कथा प्रभात कंपनीने रंगीत बोलपटाच्या रूपाने पुन्हा घेतली, आणि रंगाच्या कामासाठी व्ही. शांताराम १९३३ साली जर्मनीस गेले. प्रभातचे बिऱ्हाड त्याच सुमारास कोल्हापूरहून पुण्यास हलले. पुण्याच्या नव्या स्टुडिओतील पहिला बोलपट म्हणजे १९३४ सालचा ‘अमृतमंथन’. (या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, मावळातून पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती जागा सहज पाहता येईल.) राजा क्रांतिवर्मा देवीपुढील पशुबळी व नरबळी बंद करतो, आणि त्यामुळे खवळलेला राजगुरू त्याच्या वधाचा कट रचतो, असे त्याचे कथानक आहे. आरंभीच पडदाभर राजगुरूचा डोळा दिसतो. सावल्या, मशाली, गुहेतील कुजबुज यांनी चित्रपट भारलेला आहे.

खलपुरुषांच्या तुलनेची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी तर हा चित्रपट म्हणजे आयते पाठ्यपुस्तक होय. तो मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला. दिग्दर्शक एक, कथा एक, राजगुरू मात्र दोन. हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. चंद्रमोहन यांना निसर्गानेच विलक्षण डोळे दिले होते, आणि शांतारामांनी त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला. केशवराव मुरलेले रंगभूमीचे नट. त्यांचे सारे सामर्थ्य वाणीत आणि संयमात होते. एकाला पाहून भय वाटते, दुसऱ्याचे ऐकून. कोण श्रेष्ठ यावर खुशाल वाद घालावा. दोघांच्याही राजगुरूत एक गोष्ट समान आहे, आणि आमच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. राजगुरू स्वतःला दुष्ट समजत नाही. आपण देवीचे कार्य करीत आहो अशी त्याची अढळ श्रद्धा आहे, आणि अखेरीस तो स्वतःचे मस्तकही तिला वाहतो. जो मनुष्य स्वतःच्या प्राणासही जपत नाही त्याला कोणत्या शिक्षेचा धाक घालणार?

अमेरिकेतील जोकरचा प्रवास यापुढे ठेवून पाहावा. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेत सीझर रोमेरो यांनी त्याला विदूषक केले, १९८९ साली जॅक निकल्सन यांनी ऐटबाज दरोडेखोर. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मधील हीथ लेजर यांचा जोकर आपल्या तोंडावरील व्रणांची हकिगत सांगतो, पण दर वेळी निराळी, म्हणजे त्याचा पूर्वेतिहास कोणालाच कळत नाही. लेजर यांना त्यांच्या निधनानंतर ऑस्कर पारितोषिक मिळाले. उलट २०१९ च्या चित्रपटात होआकीन फीनिक्स यांच्या जोकरचा सगळाच इतिहास उलगडून दाखविला आहे. दारिद्र्य, अवहेलना, न थांबणाऱ्या हसण्याचा आजार. त्यांनाही ऑस्कर मिळाले. विद्यार्थ्यांत यावरून दोन तट आहेत. आमच्या मते भयाच्या दृष्टीने लेजर यांचे सोंग वरचढ आहे, कारण कारण कळले की भय निम्मे होते; पण मानवी दृष्टीने फीनिक्स यांचे, कारण चित्रकथेने १९४० साली मागे ठेवलेले ते दुःख त्यांनी परत आणले.

आपल्या मराठीतही चित्रकथेत शोभावेत असे खलपुरुष आहेत, आणि ते बहुतेक एकाच दिग्दर्शकाने दिले. महेश कोठारे यांच्या ‘थरथराट’ (१९८९) मधील टकलू हैवान, ‘धडाकेबाज’ (१९९०) मधील कवट्या महाकाळ आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचू यांची नावे ठाऊक नसलेला मराठी मुलगा विरळा. भरतमुनींनी महाकाल ही बीभत्साची देवता सांगितली, आणि सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ नावाचा तालुका आहे. कवटीचा मुखवटा घातलेल्या या खलपुरुषाचे नाव असे दोन्हीकडून कानाला परिचयाचे वाटते. तात्या विंचू हा तर बाहुला. त्याची करामत रामदास पाध्ये यांची आणि वाणी दिलीप प्रभावळकर यांची. हेच प्रभावळकर रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण होऊन मुलांना एकाच वेळी घाबरवीत आणि हसवीत असत, आणि पुढे एका हिंदी चित्रपटात त्यांनी महात्मा गांधींचे काम केले. चेटकीण, तात्या विंचू आणि गांधीजी एकाच देहात! सोंग म्हणजे काय हे मुलांना पटविण्यास याहून उत्तम उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

‘वेताळ’ या नावाची गंमत अशीच. ली फॉक यांचा १९३६ साली जन्मलेला मुखवटेधारी वीर इंद्रजाल चित्रकथांतून १९६४ पासून आपल्याकडे आला, आणि मराठीत त्याला वेताळ हे नाव मिळाले. आपल्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि चित्रकथेत तो दुष्टांचा काळ नि दुबळ्यांचा रक्षक झाला. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळाचा दगड ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात विसंगती वाटणार नाही. भुतांचा राजा शिवेवर पहारा देतो, म्हणूनच गाव निर्धास्त झोपते.

परंतु या नामावळीतील एक गोष्ट आम्हास खटकते, आणि ती पालकांनी व विद्यार्थ्यांनी दोघांनीही मनावर घ्यावी. एकाचे डोके तुळतुळीत, दुसऱ्याचा चेहरा व्रणांचा, तिसऱ्याचे हसणे रोग्याचे. दुष्टपणा ओळखण्याची खूण म्हणून चित्रकथाकार आणि दिग्दर्शक शरीरातील व्यंगाचा उपयोग सर्रास करीत आले आहेत. वर्गात एखाद्याचे केस आजारपणात गेले, तर त्याला पहिल्याच दिवशी कोणते नाव मिळेल हे सांगावयास नको. भाजल्याचा डाग असलेल्या मुलीला, तोतऱ्या मुलाला ही बिरुदे वर्षानुवर्षे चिकटतात. नगरचे थोर नट सदाशिव अमरापूरकर यांनी ‘सडक’ (१९९१) मध्ये एका तृतीयपंथी खलव्यक्तीचे काम इतके जबरदस्त केले की खलभूमिकेचे फिल्मफेअर पारितोषिक सुरू झाले तेव्हा ते पहिल्याने त्यांनाच मिळाले. अभिनयाला तोड नाही. तरीही रस्त्यात ज्यांना पाहून मुले आधीच पळतात वा खडे मारतात अशा माणसांच्या वाट्याला त्या सोंगाने काय आले असेल, याचा विचार पारितोषिक देणारांनी केला नसावा.

याउलट, खूण नसलेला खलपुरुष उभा करणे फार अवघड असते. राजगुरूचे काम केल्यानंतर तीनच वर्षांनी केशवराव दाते यांनी ‘कुंकू’ (१९३७) मध्ये काकासाहेबांची भूमिका केली. काकासाहेब प्रतिष्ठित वकील, घरंदाज, सभ्य. त्यांनी केले ते एवढेच की उतारवयात एका तरुण मुलीशी, तिला फसवून, लग्न लावले. आणि तसे तर त्या काळी अनेकांनी केले होते. शांता आपटे यांची नीरा त्यांना नवरा मानण्याचे नाकारते, तेव्हा आपला अपराध काय हेच त्यांना प्रथम उमगत नाही. उमगते तेव्हा ते खचून जातात. जो नट तीन वर्षांपूर्वी मशालींच्या उजेडात भय निर्माण करीत होता, त्याने येथे मिशीला कलप लावणाऱ्या म्हाताऱ्याकडून तेच काम करून घेतले, आणि शिवाय त्याच्याविषयी कणवही निर्माण केली.

या जातीचा सर्वांत मोठा नट म्हणजे निळू फुले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेला हा मनुष्य ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) पासून ग्रामीण खलपुरुष म्हणून जो गाजला तो गावोगावच्या स्त्रिया त्यांना प्रत्यक्ष पाहून बोटे मोडू लागण्याइतका. प्रत्यक्षात ते अत्यंत ऋजू, वाचनप्रिय आणि अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीस साहाय्य करणारे गृहस्थ होते. २००९ साली ते निवर्तले. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’त (बर्लिनच्या महोत्सवात हा चित्रपट १९७५ साली दाखविला गेला) ते साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील झाले आहेत. मुखवटा नाही, व्रण नाही, गडगडाटी हास्य नाही. पांढरे स्वच्छ कपडे, आर्जवी बोलणे, आल्यागेल्याचा पाहुणचार. गावाचे त्यांनी भले केले आहे, हेही खोटे नाही. असा मनुष्य ओळखीचा नाही असे गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल.

या हिंदुरावांच्या घरी डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेला एक मद्यपी, भणंग मास्तर येऊन पडतो. त्याच्यापाशी ना शस्त्र, ना मंत्र, ना पैसा. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळे नावाच्या एका माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारतो. उत्तर टाळले की पुन्हा विचारतो. दारू पाजली तरी, धमकावले तरी तेच विचारतो. आणि प्रेक्षकाला हळूहळू दिसू लागते की त्या प्रशस्त वाड्यात, नोकरचाकरांच्या गराड्यात, घाबरलेला असा एकच मनुष्य आहे आणि तो हिंदुराव आहे.